ट्रॉम्बे ते नागभीड: किरणांचे शेवटचे अंतर

१/
मागच्या थ्रेडमध्ये आपण नागपूर–नागभीड नॅरोगेजचा इतिहास पाहिला. आजचा विषय वरकरणी दूरचा वाटेल. कर्करोगाच्या गाठीपर्यंत किरणोत्सारी द्रव्य पोहोचवून तिचा आतूनच नाश करण्याची उपचारपद्धती, आणि तिचे सर्वांत ताजे रूप असलेले किरणोत्सारी नॅनोकण, यांविषयी आज लिहीत आहे. मात्र थ्रेड संपण्यापूर्वी आपण पुन्हा त्याच रेल्वेमार्गावर येणार आहोत. हा केवळ माहितीपर थ्रेड नाही. यात माझे एक मत आहे आणि ते मी आरंभीच सांगणार आहे.

२/
प्रथम घरातील प्रसंग. २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या आत्याला थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया पार पडली आणि पुढचा टप्पा ठरला किरणोत्सारी आयोडीनचा. त्याच्या तयारीसाठी काही आठवडे थायरॉइडची गोळी बंद ठेवावी लागते, आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य करावे लागते. हेतू असा की शरीरातील पेशी आयोडीनसाठी अक्षरशः भुकेल्या व्हाव्यात. त्या आठवड्यांत आत्या भिंतीला धरून चालत असे. ठरल्या दिवशी भाड्याची गाडी करून आम्ही नागपूर गाठले, तेव्हा एका खिडकीवर उत्तर मिळाले, “या आठवड्याचे औषध आलेले नाही. पुढच्या आठवड्यात या.”

३/
परतीच्या वाटेवर मी चिडले होते. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, “पोरी, औषध हाय ते, भाजी नोहे. कपाटात ठेवून काऊन नाई देत?” इतिहासाच्या विद्यार्थिनीला याहून चांगला प्रश्न कोणत्याही परीक्षेत विचारला गेलेला नाही. हे औषध येते कुठून? त्याचा साठा का करता येत नाही? आणि ते कपाटात का टिकत नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधताना जे वाचले, त्याचा हा सारांश.

४/
उत्तर एका शब्दात आहे: अर्धायुष्य. किरणोत्सारी द्रव्याचे निम्मे अणू जितक्या काळात क्षय पावतात, तो काळ. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस. कपाटात ठेवले तरी आठ दिवसांनी त्याची शक्ती निम्मी, सोळा दिवसांनी पाव. कुलूप लावून हा क्षय थांबत नाही.

आता माझे मत. गेल्या सव्वाशे वर्षांत किरणोपचाराने स्रोत आणि गाठ यांच्यातील अंतर मिलिमीटरपर्यंत, आणि आता नॅनोमीटरपर्यंत, कमी केले. परंतु जे द्रव्य शरीरासाठी अधिक सुरक्षित, ते अल्पायुषी असते. आणि जे अल्पायुषी असते, ते दूरच्या गावासाठी दुर्लभ ठरते. नॅनोकणांच्या बातम्या वाचताना हा पेच नजरेआड होता कामा नये.

५/
आरंभ पॅरिसमध्ये. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध जाहीर केला. १९०१ मध्ये सेंट लुई रुग्णालयाचे त्वचारोगतज्ज्ञ आंरी दांलो यांनी पिएर क्युरींकडून मिळालेले रेडियम रुग्णांच्या त्वचेवर ठेवून पाहिले. दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एका डॉक्टरांना पत्र लिहून सुचवले की, रेडियमचा कण बारीक काचनळीत बंद करून थेट कर्कगाठीच्या मध्यभागी ठेवून का पाहू नये? आजच्या नॅनोकणांमागील मूळ विचार या पत्रात आलेला आहे.

६/
हा विचार इतका प्रभावी का ठरला? किरणांचा मारा बाहेरून केला तर गाठीपर्यंत जाताना वाटेतील निरोगी पेशीही भाजून निघतात. स्रोतच गाठीत ठेवला तर जवळच्या पेशींना भरपूर मात्रा मिळते आणि दूरच्यांना झपाट्याने कमी. शेकोटीशेजारी बसलेल्याला जी ऊब लागते ती दहा पावलांवरच्याला लागत नाही, तसेच हे. म्हणून रेडियमच्या सुया आल्या. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्या अनेक दशके वापरल्या गेल्या.

७/
येथे एक गोष्ट नोंदवून ठेवा, पुढे ती लागणार आहे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. एकदा विकत घेतलेली सुई रुग्णालयाच्या तिजोरीत पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडू शकत होती. तिला अणुभट्टी नको, साप्ताहिक पुरवठा नको. मात्र ती हरवली, फुटली किंवा शरीरात राहून गेली, तर धोकाही तितकाच दीर्घायुषी. रेडियम दूरच्या रुग्णालयाला सोयीचे होते आणि शरीराला घातक. पुढचा सारा इतिहास या दोन गोष्टींच्या अदलाबदलीचा आहे.

८/
मुंबईकडे वळू. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने परदेशी निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही गेले. परदेशात उपलब्ध असलेले उपचार हिंदुस्थानातही मिळावेत, ही त्यांची इच्छा विश्वस्तांनी पुढे नेली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. या संस्थेच्या मुळाशी एका अंतराचे दुःख आहे, हे ध्यानात घ्यावे. ज्यांच्याकडे सर्व काही होते, त्यांनाही उपचारासाठी समुद्र ओलांडावा लागला होता.

९/
त्याच रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर काम करीत होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. आपल्याकडील कर्करोगाचे स्वरूप पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहे आणि त्याचा संबंध तंबाखू चघळण्यासारख्या सवयींशी आहे, ही जाणीव त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या अभ्यासांतून दृढ होत गेली. हे वर्ष लक्षात ठेवा. १९४४. देश स्वतंत्र होण्यापूर्वीचे.

१०/
दरम्यान अमेरिकेत दुसरे वळण आले. १९४१ मध्ये बोस्टन येथे सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या अतिस्रावावर किरणोत्सारी आयोडीन दिले. १९४६ मध्ये सॅम्युएल सायडलिन आणि सहकाऱ्यांनी थायरॉइडच्या पसरलेल्या कर्करोगावर त्याचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ओक रिज येथील अणुभट्टीतून नागरी वापरासाठी समस्थानिकांचे वितरण सुरू झाले. सुई टोचण्याची गरज उरली नाही. थायरॉइडच्या पेशी आयोडीन स्वतःच ओढून घेतात. रुग्णाने घोट घ्यायचा आणि पुढचा मार्ग शरीरानेच शोधायचा. आयोडीन-१३१ मधून निघणारे बीटा कण ऊतींमध्ये जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात. नेमकेपणाचा इतका सुंदर नमुना वैद्यकात विरळाच.

११/
परंतु या सौंदर्यासाठी अणुभट्टी हवी. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली, १९६० मध्ये ‘सायरस’. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेलेले टाटा मेमोरियल १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले. कर्करोग रुग्णालय आरोग्य खात्याऐवजी अणुऊर्जा खात्याखाली, ही रचना विलक्षणच म्हणावी लागेल. १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. समस्थानिक ट्रॉम्बेत तयार व्हावेत आणि काही किलोमीटरवरील परळला रुग्णांना मिळावेत, अशी ही मांडणी होती.

१२/
होमी भाभांच्या या दूरदृष्टीचे कौतुक करताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरे पानही उलटावे. ज्या ‘सायरस’मधून समस्थानिक मिळाले, त्याच अणुभट्टीतील प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीसाठी वापरले गेले. औषध आणि अस्त्र एकाच छपराखाली वाढले. यात भाभांची निंदा नाही की स्तुती नाही. मुद्दा इतकाच की अणुऔषधाचा विकास कुठे आणि कोणाजवळ झाला, हे रुग्ण कुठे राहतात यावर ठरले नाही. अणुभट्टी कुठे आहे, यावर ठरले.

१३/
पुढील वाटचाल थोडक्यात. १९८५ मध्ये ‘ध्रुव’ अणुभट्टी, १९८९ मध्ये समस्थानिकांच्या पुरवठ्यासाठी ‘ब्रिट’ ही स्वतंत्र संस्था. आज ‘ध्रुव’मध्ये तयार होणारे ल्युटेशियम-१७७ चेताअंतःस्रावी गाठी आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर वापरले जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राने डोळ्याच्या कर्करोगासाठी रुथेनियम-१०६ ची छोटी चकती तयार केली आणि यकृताच्या कर्करोगासाठी यिट्रियम-९० असलेले काचेचे सूक्ष्म गोलकही. हे गोलक यकृताच्या धमनीतून सोडले जातात आणि गाठीच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून राहतात. रेडियमच्या सुईपासून येथवर स्रोत सतत लहान होत गेला.

१४/
आता नॅनोकण. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. सोन्याचे उदाहरण घेऊ. साधे सोने अणुभट्टीत ठेवले की न्यूट्रॉन शोषून त्याचा काही अंश सोने-१९८ होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे २.७ दिवस. बीटा कण सोडत सोडत त्याचा पारा होतो. अशा सोन्याच्या कणावर विशिष्ट रेणूंचे आवरण चढवले, तर तो विशिष्ट पेशींना चिकटावा अशी योजना करता येते. शिवाय त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांमुळे कण शरीरात कुठे आहेत, हे कॅमेऱ्याने पाहता येते.

१५/
या क्षेत्रातील एक अग्रणी नाव आपल्या शेजारच्या मुलखाचे आहे. कर्नाटकातून अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात गेलेले कट्टेश कट्टी. त्यांच्या गटाने किरणोत्सारी सोन्याचे कण स्थिर ठेवण्यासाठी अरबी डिंक वापरला. आपल्या बाभळीच्याच नात्यातील झाडाचा डिंक. पुढे चहातील एका संयुगाचे आवरण वापरले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात उंदरांमधील प्रोस्टेटच्या गाठींचे आकारमान चार आठवड्यांत सुमारे ८० टक्क्यांनी घटले. झाडीपट्टीत डिंक वेचणाऱ्या हातांना हे वाचून अभिमान वाटावा. मात्र लक्षात घ्या, हे उंदरांवरील निष्कर्ष आहेत आणि कण थेट गाठीत टोचले होते. म्हणजे १०९ वर्षांनी आपण पुन्हा बेल यांच्या पत्रापाशी आलो.

१६/
अशा बातम्या आपल्यापर्यंत ‘कर्करोगावर रामबाण’ या मथळ्याने येतात. त्या वाचताना इतिहास तीन प्रश्न विचारायला शिकवतो. पहिला: गाठीत न गेलेले कण जातात कुठे? हा प्रश्न काल्पनिक नाही. किरणोत्सारी नॅनोकण माणसांच्या शरीरात मोठ्या प्रमाणावर पूर्वीच टोचले गेले आहेत. त्यांचे नाव होते थोरोट्रास्ट.

१७/
थोरोट्रास्ट म्हणजे थोरियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रावण. कर्करोगाच्या उपचारासाठी नव्हे, तर क्ष-किरण चित्रांत रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून १९३० च्या आसपास ते वापरात आले. लिस्बनचे एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रणासाठी ते वापरले. चित्रे अप्रतिम येत आणि रुग्णाला तत्काळ काही त्रास होत नसे. १९३२ मध्येच अमेरिकन वैद्यक संघटनेच्या परिषदेने सावधगिरी सुचवली होती. तरीही जगभर लक्षावधी लोकांना ते टोचले गेले.

१८/
हे कण शरीराबाहेर पडलेच नाहीत. यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशींनी ते गिळले आणि ते तिथेच मुक्कामाला राहिले. थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षे. वीस-तीस वर्षांनी यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण समोर येऊ लागले. उत्साहाच्या काळात ज्यांची चित्रे पाठ्यपुस्तकांत छापली गेली, त्यांच्यातीलच काहींची नावे पुढे मृत्यूच्या तक्त्यांत आली असतील.

१९/
सोने-१९८ म्हणजे थोरियम नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २७ दिवसांत, म्हणजे दहा अर्धायुष्यांत, त्याची किरणोत्सारिता हजाराव्या भागावर येते. परंतु यकृताची सवय बदललेली नाही. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील नॅनोकणांच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. रक्तात सोडलेल्या मात्रेपैकी प्रत्यक्ष गाठीपर्यंत पोहोचलेला वाटा मध्यकानुसार ०.७ टक्के होता. शंभरांतील एकही नव्हे. साध्या औषधात ही उधळपट्टी ठरते. किरणोत्सारी औषधात उरलेला भाग कोणत्या अवयवाला भाजतो, हा प्रश्न होतो. म्हणूनच आज अनेक संशोधक कण रक्तात सोडण्याऐवजी गाठीतच टोचण्याकडे वळतात.

२०/
दुसरा प्रश्न: प्रयोग कोणावर? किरणोत्सारी सोन्याचे कलिल द्रावण कर्करुग्णांसाठी वापरणाऱ्या आद्य संशोधकांत पॉल हान यांचे नाव येते. काळ १९४० च्या दशकाचा. कट्टींच्या कणांचे ते पूर्वजच म्हणायचे. हेच हान व्हँडरबिल्ट विद्यापीठातील आणखी एका अभ्यासात होते. त्यात आठशेहून अधिक गर्भवती स्त्रियांना किरणोत्सारी लोह असलेले पेय देण्यात आले. आपण काय पीत आहोत, याची कल्पना त्यांतील अनेकींना दिली गेली नव्हती. १९९० च्या दशकात अमेरिकन अध्यक्षांनी नेमलेल्या समितीने अशा प्रयोगांची चौकशी केली, तेव्हा हा इतिहास व्यापक चर्चेत आला.

२१/
हे दूर देशातले म्हणून सोडून देता येत नाही. उद्या नॅनोकणांच्या मानवी चाचण्या आपल्याकडे होतील आणि व्हाव्यातही. त्या वेळी संमतीपत्र कोणत्या भाषेत असेल? धानोरा किंवा भामरागडच्या रुग्णाला ‘किरणोत्सारी’ हा शब्द मराठीतही परका आहे. त्याची भाषा गोंडी किंवा माडिया. अंगठा उमटवला म्हणजे संमती मिळाली, असे मानणारी व्यवस्था आणि न सांगता पेय पाजणारी व्यवस्था यांत अंतर आहे, पण फार नाही. समजावून सांगण्याचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२२/
तिसरा प्रश्न आत्याचा: हे इथवर पोहोचणार कसे? थोडे गणित करू. अणुभट्टीजवळून निघालेल्या मालाला रुग्णापर्यंत यायला दोन दिवस लागले, तर आयोडीन-१३१ चा सुमारे ८४ टक्के भाग शिल्लक राहतो. सोने-१९८ चा सुमारे ६० टक्के. चार दिवस लागले तर सोन्याचे सुमारे ३६ टक्केच उरते. पुरवठादार हा क्षय गृहीत धरून जास्तीची मात्रा पाठवतात, हे खरे. पण विमान चुकले, रस्ता बंद पडला, एक आठवडा हुकला, तर ते गणित कोलमडते. रेडियमची सुई नागभीडची वाट पाहू शकली असती. सोन्याचा कण पाहणार नाही.

२३/
आणि रुग्ण? नागभीड ते नागपूर अंतर सुमारे शंभर किलोमीटर. भामरागडहून नागपूर गाठायचे तर तीनशे किलोमीटरहून अधिक. आता तो रेल्वेमार्ग. कर्करुग्णांना उपचारासाठी जाताना भारतीय रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत आहे, शयनयानात तर पूर्ण. उत्तम योजना! परंतु नागपूर–नागभीड नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. २०२२ मध्ये आत्याला ही सवलत कागदोपत्री होती, गाडी नव्हती. ती आली भाड्याच्या जीपने, दोनदा.

२४/
यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. प्रत्येक तालुक्यात अणुऔषध विभाग काढणे शक्य नाही, योग्यही नाही. किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णासाठी स्वतंत्र खोली लागते. त्याचे मलमूत्र किरणोत्सारी असते, म्हणून ते क्षय होईपर्यंत साठवणाऱ्या खास टाक्या लागतात. प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञ लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे नियम अडथळे नव्हेत. थोरोट्रास्टसारख्या धड्यांतूनच ते आले आहेत. ग्रामीण भागासाठी ते शिथिल करा, असे मी कधीही म्हणणार नाही.

२५/
माझी मागणी वेगळी आहे. द्रव्य जवळ आणता येत नसेल, तर अंतराचा भार रुग्णाच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवू नका. माल येणार नाही हे निश्चित होताच रुग्णाला घरी फोन जावा. तो गाडी करून खिडकीपाशी पोहोचेपर्यंत थांबू नये. उपचाराच्या खर्चात प्रवास आणि सोबतच्या माणसाचा मुक्काम धरला जावा. उपचारानंतरचा पाठपुरावा, रक्ततपासण्या, गोळीची मात्रा ही कामे तालुक्याच्या रुग्णालयात होऊ शकतात, ती तिथेच व्हावीत. यांतील एकाही गोष्टीला अणुभट्टी लागत नाही.

२६/
आणि खानोलकरांचे १९४४ आठवा. चंद्रपूर–गडचिरोलीत थायरॉइडचा कर्करोग हा मुख्य प्रश्न नाहीच. मुख्य प्रश्न खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकवर घोटून पुडी बांधली जाते आणि बारावीतली मुलेही ती तोंडात धरतात. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली. पानठेल्यावरचा घोटण्याचा आवाज थांबला नाही. गडचिरोलीत ‘सर्च’च्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करते आहे. माझ्या मते आपल्या जिल्ह्यांतील कर्करोगाविरुद्धचे सर्वांत प्रगत काम तेच आहे, त्यात नॅनोमीटरचा उल्लेख नसला तरी.

२७/
याचा अर्थ नॅनोकणांचे संशोधन अनाठायी आहे, असा कोणी काढू नये. ज्यांच्या गाठी शस्त्राने निघत नाहीत आणि बाहेरच्या किरणांना जुमानत नाहीत, त्यांच्यासाठी हा मार्ग आशेचा आहे. आत्याला वाचवणारे औषधही एकेकाळी असाच एक धाडसी प्रयोग होते. माझा आग्रह इतकाच की ‘कण किती लहान’ यासोबत ‘उरलेला कुठे जातो’, ‘कोणाला विचारून’ आणि ‘कोणापर्यंत’ हे तीन प्रश्नही त्याच बातमीत विचारले जावेत. वार्ताहर विचारणार नसतील, तर आपण विचारू. इतिहास वाचण्याचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

२८/
दुसऱ्या खेपेला औषध आले होते. आत्याने ते घेतले, तीन दिवस एकटी खोलीत राहिली. घरी आल्यावर ती अंगणाच्या टोकाला खाट टाकून बसली आणि माझ्या भाचीला लांबूनच म्हणाली, “जवळ नोको येऊ बाई, अजून आठ दिस. मंग घेतो तुले.” तिने अर्धायुष्याचे गणित कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. अंगणातले ते दहा हात अंतर तिने डॉक्टरांच्या सूचनेबरहुकूम पाळले आणि नवव्या दिवशी भाची तिच्या मांडीवर होती.

आपल्या घरात किंवा गावात कुणी हा उपचार घेतला असेल, तर प्रवासाचा अनुभव खाली अवश्य लिहा. रुग्णाचे नाव मात्र देऊ नका. औषधाचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. वाटेचा लिहायचा राहिला आहे.